चाप दुसऱ्याने ओढला म्हणून?

‘मॅडम, गोळी झाडणाऱ्याला धरा. विकणाऱ्याचा काय दोष?’

हे वाक्य तुझ्या पत्रातलं आहे. चौकात उभ्या असलेल्या कुणाचं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण तू टॉर्टचा, म्हणजे दिवाणी नुकसानभरपाईच्या कायद्याचा, पेपर दिलेला माणूस आहेस. त्या विषयाचं रतनलाल-धीरजलालचं पुस्तक तू शिवण सुटेपर्यंत वापरलंस. ‘इथे जबाबदारी कुणाची?’ असं वर्गात विचारलं की तुझा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा. आज न्यू जर्सीत तुझं घर आहे, अमेरिकेचं नागरिकत्व आहे, मताचा हक्क आहे. एवढी शिदोरी घेऊन तू पोहोचलास कुठे? ‘विकणाऱ्याचा काय दोष’ इथे.

याला मत म्हणत नाहीत. याला कामचुकारपणा म्हणतात.

मी काय विचारलं होतं ते आधी नीट वाच. दुकानदाराला खुनाबद्दल तुरुंगात टाका, असं मी म्हटलं नव्हतं. बंदुकांची विक्री बंद करा, असंही म्हटलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच, की विकताना दुकानदाराने स्वतः जो निष्काळजीपणा केला, त्याचा जाब त्याला दिवाणी न्यायालयात द्यावा लागावा की नाही? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. झोपेतून उठवून विचारलं तरी तुला त्यांतला फरक सांगता येईल. पण तिसऱ्याचं उत्तर द्यायला डोकं चालवावं लागलं असतं. म्हणून तू पहिल्याचं उत्तर लिहिलंस, तेही कुणी न विचारता. परीक्षेत असं केलं असतंस तर मी भोपळा दिला असता. आजही तोच देते.

मिलवॉकीचं प्रकरण वाचलंयस? नसशील. वाचलं असतंस तर ते वाक्य तुझ्या हातून उतरलं नसतं.

विस्कॉन्सिन राज्यातलं हे शहर. २००९ चा मे महिना. बंदुकांच्या दुकानात दोघं येतात. त्यातला एक अठरा वर्षांचा. परवानाधारक दुकानदाराने एकवीस वर्षांखालच्या माणसाला पिस्तूल विकायचं नाही, असा अमेरिकेचा केंद्रीय कायदा आहे. म्हणून हा पोरगा हवं ते पिस्तूल दाखवतो आणि बरोबर आणलेला, वयात बसणारा माणूस ते ‘स्वतःसाठी’ घेतो. या कामाचे त्याला चाळीस डॉलर. अमेरिकेत याला ‘स्ट्रॉ परचेस’ म्हणतात आणि तो गुन्हा आहे. बंदूक घेताना केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात सरळ विचारलेलं असतं: ही बंदूक प्रत्यक्ष घेणारे तुम्हीच का? या माणसाने आधी ‘नाही’वर खूण केली. म्हणजे खरं तेच लिहिलं. ते उत्तर काउंटरमागच्या विक्रेत्यासमोर लेखी पडलं होतं. त्याने तिथेच फॉर्म बाजूला सारून दोघांना बाहेरची वाट दाखवायला हवी होती. झालं काय? ‘नाही’चं ‘हो’ झालं, पैसे गल्ल्यात पडले आणि पिस्तूल दुकानाबाहेर गेलं.

जूनमध्ये त्या पोराला दोन पोलिसांनी थांबवलं. कारण काय, तर फुटपाथवरून सायकल चालवत होता. त्याने त्याच पिस्तुलाने दोघांच्या चेहऱ्यावर गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले. पण एकाचा डोळा गेला आणि मेंदूचा काही भागही.

चाप कुणी ओढला? त्या पोराने. त्याला शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. आता मला सांग, फॉर्मवरचं उत्तर बदललं ते कुणाच्या डोळ्यांदेखत? गोळी झाडणारा आणि फॉर्म तपासणारा हे एकच आहेत का? दोन माणसं, दोन कृत्यं, दोन वेगळ्या तारखा. पोराचं कृत्य भयंकर, हे कुणीच नाकारत नाही. पण त्याच्याकडे बोट दाखवून तू विक्रेत्याचं कृत्य पुसून टाकतोस. कुठल्या अधिकाराने? २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीच्या साध्या नागरिकांना, ज्युरीत बसलेल्या लोकांना, हा फरक कळला. त्यांनी दुकानाला जवळपास ६० लाख डॉलर भरायला सांगितले. पुढे दोन्ही बाजूंनी १० लाखांवर तडजोड केली, ती गोष्ट वेगळी. त्या ज्युरींनी कायद्याचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. तू घेतलं आहेस.

‘पण मॅडम, मधे तिसऱ्याचं कृत्य आलं, साखळी तुटली.’ पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात तू हे लिहिलंस, लॅटिन शब्दासकट. लॅटिन आठवलं, मग खटला कसा नाही आठवला? हेन्स विरुद्ध हारवुड, १९३५. लंडनच्या वर्दळीच्या रस्त्यावर दोन घोड्यांची गाडी कुणाच्याही देखरेखीविना उभी होती. एका पोराने घोड्यांना दगड मारला. घोडे उधळले. त्यांना आवरायला धावलेला पोलीस जखमी झाला. दगड तर पोराने मारला, मग मालक सुटला का? नाही सुटला. भर वस्तीत घोडे मोकळे सोडले की कुणीतरी त्यांची खोडी काढणारच, हे त्याला आधीच दिसायला हवं होतं. जो धोका टळावा म्हणून काळजी घ्यायची, नेमका तोच धोका ओढवला, तर ‘तिसऱ्याने केलं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. तू हे पेपरात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतंस. मीच तपासलं होतं.

त्याच्याही मागे जा. डिक्सन विरुद्ध बेल, १८१६. हा तर बंदुकीचाच खटला. मालकाने भरलेली बंदूक आणायला तेरा-चौदा वर्षांच्या नोकर मुलीला पाठवलं. बंदुकीतली रंजक काढून मगच तिच्या हाती द्या, असा निरोपही धाडला. तिने खेळता खेळता बंदूक एका मुलावर रोखली आणि चाप ओढला. मुलाचा डोळा गेला. मालक तिथे हजरसुद्धा नव्हता. तरी न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरलं. कारण, वस्तू जेवढी घातक तेवढी ती कुणाच्या हाती पडते याची काळजी जास्त. दोनशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशांना ‘चाप मी ओढला नाही’ हा बचाव चालला नाही. आणि तू तो २१व्या शतकात नवा शोध लागल्यासारखा मला ऐकवतोस?

बरं, तेही जाऊ दे. तुझी पुढची पळवाट अशी, की अमेरिकेचा कायदाच तसा आहे, दुकानदारावर दावा लावताच येत नाही. कुठला कायदा? नाव लिहिलं नाहीस. वर्षही नाही. म्हणजे कुणीतरी सांगितलं ते ऐकलंस आणि पुढे सरकवलंस. मीच सांगते. प्रोटेक्शन ऑफ लॉफुल कॉमर्स इन आर्म्स ॲक्ट. २६ ऑक्टोबर २००५ ला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली. बंदुकीचा गुन्ह्यात वापर झाला म्हणून बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा करण्यावर या कायद्याने बंदी घातली. मात्र त्यात अपवाद आहेत. विक्रीचा किंवा जाहिरातीचा कायदा जाणूनबुजून मोडला असेल, तर दावा चालतो. घेणारा माणूस ही बंदूक धोकादायक रीतीने वापरेल हे दुकानदाराला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, आणि तरीही त्याने ती दिली, तरीही दावा चालतो. मालातच दोष असेल तर काही अटींवर चालतो. चालत नाही तो साध्या निष्काळजीपणाचा दावा. औषधवाल्यावर, गाडीवाल्यावर, शिडी विकणाऱ्यावर जो दावा कुणीही लावू शकतो, तोच बंदूकवाल्यावर लावता येत नाही. आता बघ. ‘दावा लावताच येत नाही’ हे तुझं म्हणणं खोटं. आणि ‘इतर धंद्यांसारखंच तर आहे’ हे तुझ्या मित्राचं म्हणणंही खोटं. तुम्ही दोघांनी तासभर वाद घातलात म्हणे. दोघांपैकी एकाने तरी कायदा उघडून पाहिला होता का?

हा कायदा कधी आला तेही बघ. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या परिसरात दोघांनी लपून गोळ्या झाडून दहा माणसं मारली. पेट्रोल भरणारी, गवत कापणारी, बाकावर बसून वाचणारी माणसं. रायफल आली कुठून? देशाच्या दुसऱ्या टोकाला, टकोमा शहरातल्या एका दुकानातून. ती चोरीला गेली होती आणि दुकानाला तिचा पत्ता नव्हता. तपासात कळलं की दुकानाला आणखी २३८ बंदुकांचा हिशेब देता येत नाही. दोनशे अडतीस! किराणा दुकानात साबणाच्या वड्या एवढ्या कमी भरल्या तर मालक नोकरांना रांगेत उभं करील. मृतांच्या कुटुंबांनी दावा लावला आणि २००४ मध्ये दुकानाने व रायफल बनवणाऱ्या कंपनीने मिळून सुमारे २५ लाख डॉलर मोजले. एक वर्ष उलटलं आणि वर सांगितलेला कायदा आला. एवढ्या बंदुकांचा हिशेब न ठेवणारा दुकानदार तुझ्या लेखी निर्दोष? तोंडात मिठाची गुळणी धरू नकोस. हो की नाही ते सांग.

यापुढचं प्रकरण मला सगळ्यात जास्त छळतं.

मिसुरी राज्य, २०१२ चा जून. एका आईची प्रौढ मुलगी गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेली. आधीच्या महिन्यात तिने एका दुकानातून पिस्तूल आणलं होतं, ते आईवडिलांनी काढून घेतलं. आता तिच्या हातात पुन्हा पैसे येणार होते. आईला पुढचं दिसत होतं. तिने त्याच दुकानात फोन केला. मुलीचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, सोशल सिक्युरिटी क्रमांक सांगितला. ती आजारी आहे, तिला बंदूक देऊ नका, अशी आई म्हणून विनवणी केली. एखाद्या नागरिकाने याहून जास्त काय करायचं असतं? दोन दिवसांनी मुलगी दुकानात गेली. दुकानाने पिस्तूल विकलं. तासाभरात तिने स्वतःच्या वडिलांना गोळी घातली. वडील गेले.

आता लाव तुझं वाक्य इथे. ‘गोळी झाडणाऱ्याला धरा.’ धरा म्हणजे कुणाला? त्या आजारी मुलीला? त्या बाईने नवरा गमावला, मुलगी कोठडीत गेली, आणि तू तिला सांगणार की विकणाऱ्याचा काय दोष? मोठ्याने म्हणून बघ. जमतं का?

पार्श्वभूमी तपासणीत मुलीचं नाव अडकलं नाही, म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक होतं, हे मला माहीत आहे. तुझा सगळा भर त्याच ‘कागदोपत्री’वर आहे. पण विक्रेत्याला कान होते. फोन त्याच्याच दुकानात वाजला होता. गिऱ्हाइकाला नकार देण्यापासून अमेरिकेतला कुठलाही कायदा त्याला अडवत नव्हता. आईने दावा लावला. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की साध्या निष्काळजीपणाचा दावा २००५ च्या कायद्यामुळे बाद होतो, पण अपात्र हाती शस्त्र सोपवल्याचा दावा चालेल. त्याच वर्षी दुकानाने २२ लाख डॉलरवर तडजोड केली. लक्षात घे, इथे आईचा फोन होता. तारीख होती, नाव होतं, सगळं दाखवता येत होतं. म्हणून निभावलं. जिला दुकानाचं नाव ठाऊक नाही, जी फोन करू शकली नाही, त्या आईचं काय? तिच्यासाठी तो कायदा म्हणजे भिंत.

ती भिंत किती उंच असते, हे कोलोरॅडोत दावा लावणाऱ्या एका आईवडिलांना विचार. २० जुलै २०१२ ला ऑरोरातल्या सिनेमागृहात बारा जण मारले गेले. त्यांत त्यांची मुलगी होती. मारेकऱ्याने हजारो काडतुसं घरबसल्या इंटरनेटवरून मागवली होती. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. आईवडिलांनी काडतुसं विकणाऱ्यावर दावा लावला. पैसे नको होते त्यांना. विकण्यापूर्वी काही तरी तपासा, एवढीच मागणी होती. दावा फेटाळला गेला. वर हुकूम झाला की प्रतिवादींच्या वकिलांचा खर्च तुम्हीच भरा, दोन लाख डॉलरच्या वर. राज्याचाच तसा कायदा होता, २००० सालचा. लेक गेली आणि काडतुसं विकणाऱ्याच्या वकिलाचं बिल घरी आलं. राज्याने २०२३ मध्ये तो कायदा रद्द केला. त्यासाठी कुणाला तरी ओरडावं लागलं. तू तेव्हा काय करत होतास?

‘पण यात प्रामाणिक दुकानदार भरडला जाईल.’ तुझ्या पत्रातलं हे एकच वाक्य मी दोनदा वाचलं, कारण यात काळजी खरी असू शकते. चोर सोडून संन्याशाला फाशी मलाही नको. म्हणून आकडे बघ. शस्त्रविक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, एटीएफने, २००० साली अहवाल दिला होता. गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा माग काढला, तर निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के वेळा, तो माग अवघ्या १.२ टक्के दुकानदारांपाशी जाऊन थांबला. आणि जवळपास ८५ टक्के दुकानदारांपर्यंत अहवालात पाहिलेल्या वर्षात एकही माग पोहोचला नाही. जास्त विक्री असली की जास्त माग लागणार, हे धरून चाललं तरी चित्र पुरेसं बोलकं आहे. बहुतेक दुकानदार फॉर्म नीट बघतात, संशय आला तर गिऱ्हाइकाला परत पाठवतात, माल मोजून ठेवतात. जाब विचारण्याची सोय असली तर त्यांचं काय बिघडणार? त्यांनी काळजी घेतलीच आहे, आणि काळजी घेणारा निष्काळजीपणाच्या दाव्यात हरत नाही. त्यांचं नाव पुढे करून तू वाचवतो आहेस तो दुसऱ्याला, जो डोळ्यांवर कातडं ओढून विकतो. संन्याशाची ढाल करून चोराला पळू देणं, याला संन्याशाची काळजी म्हणतात का?

आणि असे दुकानदार कोण, हे तुला-मला कळायला नको, अशीही तजवीज झाली. २००३ पासून अमेरिकी संसदेच्या एका दुरुस्तीने माग काढलेल्या बंदुकांची दुकानवार माहिती सर्वसामान्यांना मिळणं जवळपास बंद झालं. १९८६ च्या कायद्याने एटीएफला एका दुकानाची वर्षातून एकदाच अचानक तपासणी करण्याची मुभा ठेवली. म्हणजे सरकार क्वचित येणार, पत्रकाराला माहिती मिळणार नाही आणि पीडिताने न्यायालयात जायचं नाही. मग विचारायचं कुणी?

दाव्यांच्या धाकाने सगळा धंदाच बुडवायचा डाव होता, हेही तू लिहिलंस. त्यात तथ्य आहे. १९९८ पासून न्यू ऑर्लिन्स, शिकागो अशा शहरांनी बंदूक कंपन्यांवर मोठमोठे दावे लावले, पुढे तीसहून जास्त शहरं आणि परगणे त्यात उतरले. काही दावे ताणलेले होते. पण ते फेटाळायला न्यायालयं समर्थ होती आणि त्यांनी त्यातले बरेच फेटाळलेही. वाईट दावा फेटाळायला न्यायाधीश असतो. त्यासाठी चांगल्या दाव्याचीही वाट बंद करायची नसते. २०२५ च्या जूनमध्ये मेक्सिकोचा बंदूक कंपन्यांवरचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाद केला, हा निकाल तू पुरावा म्हणून उचलशील. उचलण्यापूर्वी वाच. न्यायमूर्ती कागन यांनी तिथे उत्पादक कंपन्यांबद्दल लिहिलं आहे. काही दुकानदार तस्करांना विकतात हे ढोबळपणे माहीत असणं म्हणजे त्या गुन्ह्याला साथ देणं नव्हे, एवढं म्हटलं आहे. समोरच्या गिऱ्हाइकाचा खोटा फॉर्म बघून हातात पिस्तूल देणारा दुकानदार त्या निकालात निर्दोष ठरलेला नाही. आणि कंपन्याही दर वेळी सुटत नाहीत. सँडी हुकच्या शाळेत २०१२ मध्ये वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. रायफलची जाहिरात कशी केली, या मुद्द्यावर कनेटिकटच्या न्यायालयाने दावा चालू दिला, आणि २०२२ मध्ये ती रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी नऊ कुटुंबांना ७ कोटी ३० लाख डॉलर दिले.

तू ज्या देशातून गेलास तिथला कायदाही तुला आठवत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. १९५९ चा आर्म्स ॲक्ट, कलम २९. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे की नाही याची आधी खात्री न करता ते त्याच्या हाती देणं, हाच आपल्याकडे गुन्हा आहे. गोळी सुटो वा न सुटो. आपल्याकडे गावठी कट्ट्यांचा सुळसुळाट आहे, अंमलबजावणीत भोकं आहेत, मला सगळं मान्य. पण देणाऱ्याने आधी बघायचं, हे तत्त्व तरी आपण कागदावर ठेवलं. तू तेही विमानतळावर टाकून गेलास का?

आता खरं बोलूया. तुला यातलं काहीच नवीन नाही. खटले तुला ठाऊक होते, तत्त्व ठाऊक होतं, कायदा पंधरा मिनिटांत सापडला असता. तू शोधला नाहीस, कारण सापडलं असतं तर बोलावं लागलं असतं. आणि बोललं की शेजारी नाराज, ऑफिसातला बंदूकप्रेमी नाराज, मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ‘राजकारण नको’ म्हणणार. मग ‘आपण बाहेरचे, आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य हाताशी असतंच. बाहेरचा कसा रे तू? कर भरतोस, मत देतोस, ज्युरीसाठी बोलावणं आलं तर उद्या अशाच दाव्याचा निकाल देशील. शाळेत गोळीबार झाला तर, म्हणून तुझी मुलगी दिवे बंद करून, टेबलाखाली चूप बसण्याचा सराव करते. मागच्या सुट्टीत तिनेच मला सांगितलं, अगदी सहज, आपण प्रार्थनेबद्दल सांगतो तसं. नऊ वर्षांच्या मुलीने गप्प बसायचं शिकायचं आणि तिच्या कायदा शिकलेल्या बापानेही गप्पच बसायचं? तिच्याकडे दुसरा उपाय नाही. तुझ्याकडे आहे.

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४६,७२८ माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. प्रत्येक मृत्यूमागे दोषी दुकानदार आहे, असं मी म्हणणार नाही. म्हणणारा मूर्ख ठरेल. बहुतेकांमागे नसेलच. पण ज्यांच्यामागे आहे, तिथे पीडिताला न्यायाधीशासमोर उभं राहू द्या, पुरावा मांडू द्या, दुकानदाराला बचाव करू द्या, एवढंच माझं मागणं आहे. यात टोकाचं काय आहे? हेच तर न्यायालयाचं काम.

शेवटचं ऐक आणि कामाला लाग. तू राहतोस त्या न्यू जर्सी राज्याने जुलै २०२२ मध्ये कायदा केला. बंदुका बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी चोरी, स्ट्रॉ परचेस, तस्करी रोखण्यासाठी वाजवी नियंत्रणं ठेवली नाहीत, तर राज्याचा ॲटर्नी जनरल त्यांच्यावर दावा लावू शकतो. तुझ्याच राज्यात, तुझ्याच करातून. पत्रात त्याचा उल्लेखही नाही, म्हणजे तुला माहीतच नाही. २००५ चा केंद्रीय कायदा रद्द करण्याची विधेयकं अमेरिकी काँग्रेसमध्ये अनेकदा आली आणि एकही मंजूर झालं नाही. तुझ्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीची त्यावर भूमिका काय आहे? हेही तुला माहीत नसणार. त्या कार्यालयात फोन कर, विचार, उत्तर लेखी माग. दोन्ही कायदे मूळ इंग्रजीतून, कुणाचा सारांश न वाचता, पहिल्या ओळीपासून वाच. मग मला पुन्हा लिही. त्यानंतरही तुझं मत ‘विकणाऱ्याचा दोष नाही’ असंच राहिलं तर हरकत नाही, कारणं दे, मी वाचीन आणि मार्कही देईन. पण कारणं दे.